मदत हवी आहे: ट्रँगल कारखान्याच्या आगीत 'क्रांती' कुठे दाखवायची?

नमस्कार मंडळी,
लेक आठवीत आहे, इथे अमेरिकेत. नॅशनल हिस्टरी डे या शाळकरी मुलांच्या इतिहास-प्रकल्प स्पर्धेसाठी तिने फलकांच्या प्रदर्शनाचा प्रकार घेतलाय. यंदाचं सूत्र क्रांती, प्रतिक्रिया आणि सुधारणा. तिने निवडलीय न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट या बायकांचे शर्ट शिवणाऱ्या कारखान्यातली २५ मार्च १९११ ची आग. १४६ जीव गेले, बहुतेक ज्यू आणि इटालियन घरांतल्या तरुण मुली. आग लागली आठव्या मजल्यावर आणि बंबाची शिडी पोचत होती सहाव्यापर्यंत. नवव्या मजल्यावरचं एक दार कुलूपबंद. हे तिला इतकं भिडलंय की तीनपैकी दोन फलक आगीनेच भरलेत.

सुधारणेचं जमतंय. त्याच वर्षी राज्याने चौकशी आयोग नेमला, रॉबर्ट वॅग्नर अध्यक्ष, अल स्मिथ उपाध्यक्ष. पुढे कारखान्यांसाठी एकामागून एक कायदे झाले. आग डोळ्यांनी पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स १९३३ मध्ये देशाच्या कामगारमंत्री झाल्या.

अडलंय क्रांतीपाशी. आग ही दुर्घटना, तिला क्रांती कसं म्हणणार? शिक्षिकेनेही "सूत्राशी सांधा दिसत नाही" असा शेरा दिलाय. मला तो पटतो, लेकीला नाही. त्यात तिचा स्वतःचा मजकूर ५०० शब्दांतच बसवायचा. तिचं काम मला करायचं नाहीये, फक्त तिला नेमकं काय विचारू ते सुचवा.

प्रतिसाद १
तिला विचारा, आगीच्या आधी दीड वर्षं काय चाललं होतं? नोव्हेंबर १९०९ मध्ये न्यूयॉर्कच्या कूपर युनियन या संस्थेच्या सभागृहातल्या कामगार सभेत पुढारी बोलत बसले होते. क्लारा लेमलिच ही तरुण कामगार उठली, यिद्दिश या ज्यूंच्या बोलीत थेट सार्वत्रिक संपाचा ठराव मांडला, आणि वीस हजारांवर कामगार बाहेर पडले. तुमची क्रांती ही. प्रतिक्रियाही तिथेच आहे: निदर्शक मुलींना मारहाण, अटका, दंड. फेब्रुवारी १९१० मध्ये संप संपला तेव्हा बऱ्याच कारखान्यांनी कामगार संघटनेशी करार केले होते, ट्रँगलने मान्यता दिलीच नाही. आगीला मधला फलक द्या, पण एकच.

प्रतिसाद २
वरच्यांशी सहमत, पण 'प्रतिक्रिया' संपावर थांबवू नका. डिसेंबर १९११ चा खटला घ्या. मालक ब्लँक आणि हॅरिस निर्दोष सुटले, कारण दार बंद होतं हे त्यांना ठाऊक होतं का, यावर सगळं अडलं. बचावाच्या वकिलाने केट ऑल्टरमन या साक्षीदार मुलीला तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगायला लावली. शब्द जवळपास तेच येताहेत म्हणजे साक्ष पढवलेली, असं त्याला ज्युरीला भासवायचं होतं. कॉर्नेल विद्यापीठाच्या कील सेंटर या कामगार-इतिहासाच्या दप्तरखान्याच्या संकेतस्थळावर मूळ कागदपत्रं आहेत. अवतरणं ५०० शब्दांत मोजत नाहीत, तेव्हा साक्षीतल्या दोन ओळी जशाच्या तशा लावा, फायदा होईल.

धागाकर्ती
दोघांचे आभार! लेमलिचबद्दल लेकीला विचारलं तर म्हणाली, "ती माझ्या टिपणांत आहे, जागा नव्हती म्हणून काढली." आता आगीचे चार फोटो उतरवायला तयार झालीय. पाचव्यावर अजून वाद चालू आहे. खटला आगीच्याच फलकावर घ्यावा की सुधारणेच्या, यावर कुणाचं काही मत?