‘डिटेक्टर’ला ‘शोधक’ म्हणावे का?

मुक्ता, दादर : खारघरच्या अ‍ॅक्ट्रेक या टाटा स्मारक केंद्राच्या कर्करोग संस्थेत 2023 पासून होऊ लागलेल्या, कर्करोगावरील प्रोटॉन किरणोपचारांविषयी मी रुग्णांसाठी मराठीत माहितीपत्रक लिहीत आहे. यंत्रातल्या, प्रोटॉन टिपणाऱ्या ‘डिटेक्टर’साठी ‘शोधक’ हा शब्द योजला होता. मसुदा वाचून एका मुलाच्या आईने विचारले, “म्हणजे गाठ अजून सापडायचीच आहे का?” त्यांचे बोट त्या शब्दावरून हलेना. दुसरा कोणता शब्द घ्यावा?

श्रीनिवास, चेंबूर : मुक्ताताई, त्या माउलीचे बरोबर आहे. प्रोटॉनचा झोत शरीरात शिरण्याआधी ‘आयनीभवन कक्ष’ नावाच्या, वायू भरलेल्या डिटेक्टरांतून जातो. प्रोटॉनमुळे कक्षातील वायूचे आयनीभवन होते, म्हणजे त्याचे कण विद्युतभारित होतात, आणि गोळा होणाऱ्या विद्युतभारावरून प्रारणाची किती मात्रा गेली ते कळते. पट्ट्यापट्ट्यांच्या विद्युतपटलांवरून झोत नेमका कुठे आहे, हेही कळते. ठरलेली मात्रा पुरी झाली की झोत थांबतो, आणि पहिला कक्ष चुकलाच तर दुसरा, स्वतंत्र कक्ष तो थांबवतो. हे काम मोजण्याचे आणि राखणीचे आहे. मी ‘मापक’ म्हणेन. आमच्या कामात मात्र सगळे ‘चेंबर’च म्हणत.

वसुधा, गिरगाव : ‘मापक’ चालेल, पण ‘झोत’ नको, झोत पाण्याचा किंवा बॅटरीचा. परिभाषेत ‘शलाका’ हा शब्द आहे. शलाका म्हणजे सळई; डोळे, कान, नाक यांच्या चिकित्सेच्या आयुर्वेदातील शाखेचे ‘शालाक्यतंत्र’ हे नाव त्यावरूनच आले. वैद्यकाशी इतके जुने नाते असलेला शब्द का टाकायचा?

महेश, डोंबिवली : वसुधाताई, शलाका म्हटले की रुग्णाला वाटेल, सुई टोचणार. काकांना रेडिएशनसाठी नेत असे, तेव्हा रांगेत सगळे ‘शेक’ किंवा ‘लाईट’ म्हणत. “आज कितवा शेक?” एवढ्यावर अनोळखी माणसेही बोलू लागत.

श्रीनिवास : महेशराव, प्रोटॉनच्या बाबतीत ‘शेक’ फसवा आहे. शेक वरून लागतो आणि आत जाता जाता ओसरतो. प्रोटॉन वाटेत थोडी आणि थांबण्याच्या जागी सर्वाधिक ऊर्जा देतात. त्यालाच ब्रॅग शिखर म्हणतात. 230 एमईव्ही (दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट) ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात सुमारे 33 सेंटिमीटर जातो. शिवाय ऊब जाणवत नाही.

वसुधा : ऊबच नसेल, तर शेक कसला?

महेश : बाळंतिणीला शेगडीचा शेक देतात, तो अंग भरून यावे म्हणून. ‘शेक’ म्हणताना काकांना बरे होण्याचा भरवसा वाटे. ‘शलाका’ म्हणून तो कसा वाटेल, हे मला सांगा.

मुक्ता : पण ‘डिटेक्टर’चे काय? त्या बाई मंगळवारी पुन्हा येणार आहेत.