मदत हवी आहे: बुखारा ते खिवा ट्रेनने, प्लात्सकार्त की कुपे?

नमस्कार मंडळी, आई आणि मी ऑक्टोबरमध्ये उझबेकिस्तानला जातोय, पाठीवर सॅक टाकून आणि शक्यतो सगळं ट्रेननेच. ताश्कंद-समरकंद-बुखारा अफ्रोसियोब या वेगवान ट्रेनने जमतंय, अडलंय ते पुढे खिव्याला, २०१८ पासून थेट खिव्यापर्यंत गाडी जाते म्हणून उर्गेंचला उतरायची भानगड नाही. मला प्लात्सकार्तनेच जायचंय, आपल्या स्लीपरसारखा उघडा डबा, टोकाला गरम पाण्याचा बंब, लोकांशी गप्पा होतात, पण आईचे गुडघे दुखतात त्यामुळे खालचाच बर्थ लागेल आणि साइडचे बर्थ फारच आखूड असतात म्हणे, मग कुपे, म्हणजे चार बर्थचा बंद कप्पाच घेऊ का? कुणी अलीकडे गेलं असेल तर प्लीज सांगा.

दुसरं, खिव्यात इचान काला म्हणजे जुन्या शहराच्या तटबंदीच्या आत राहावं की बाहेर? स्टेशनवरून पूर्वेच्या दरवाजापर्यंत सामान घेऊन चालत जाता येईल ना? मला तो अर्धवट राहिलेला निळा-हिरवा काल्ता मिनार पहाटे गर्दी व्हायच्या आत बघायचाय, तो बांधायला घेणाऱ्या खिव्याच्या खानाच्या मृत्यूनंतर १८५५ ला काम थांबलं ते थांबलंच.

आणि आई शाकाहारी आहे, शिवित ओशी म्हणजे शेपूच्या हिरव्या नूडल्स मटणाशिवाय करून देतात का?