प्रतिसाद: बाळंतपणानंतरचं दुखणं

बाळंतपणानंतर शरीरसंबंधांच्या वेळी दुखतं, काय करावं, या प्रश्नावर वर बहुतेकांनी ‘मन मोकळं ठेवा, सवयीने होईल’ असं लिहिलंय. मला नाही पटत. अंगावर पाजणाऱ्या बाईचं इस्ट्रोजेन (बायकांच्या शरीरातलं एक हार्मोन) कमी असतं, त्यामुळे योनीमार्ग कोरडा पडून संबंधांच्या वेळी आग होते. टाके भरले तरी हे महिनोन्महिने चालू शकतं. मेडिकलमध्ये वॉटर बेस्ड जेली मिळते, ती वापरा. (कंडोम वापरत असाल तर खोबरेल तेल नको, लॅटेक्स फाटतं.) दुखणं आत खोलवर असेल आणि पाळीतही ओटीपोट असह्य दुखत असेल, तर डॉक्टरांना एंडोमेट्रिओसिसबद्दल (गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार) विचारा, सोनोग्राफी नॉर्मल आली असली तरी. संबंधांनंतर रक्त, घाण वासाचा स्राव किंवा ताप असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे लगेच जा. पाळी कायमची गेल्यावर एकदाही डाग दिसला तरी तेच.