मॉर्मन इतिहासाची चिकित्सा श्रद्धेला एवढी का झोंबते?

प्रश्न (नौपाडा, ठाणे):
गेले काही महिने मी मॉर्मन या अमेरिकेत जन्मलेल्या ख्रिस्ती परंपरेतील पंथाच्या इतिहासाविषयी वाचतो आहे. संस्थापक जोसेफ स्मिथ यांना १८२० मध्ये न्यूयॉर्क राज्यातील एका राईत झालेल्या दर्शनाच्या एकाहून अधिक हकिकती त्यांनीच सांगून ठेवल्या आहेत. १८३२ च्या हकिकतीत केवळ प्रभूचा उल्लेख येतो, तर १८३८ च्या, पुढे धर्मग्रंथात गेलेल्या हकिकतीत पिता (देव) आणि पुत्र (येशू) असे दोघे दिसतात. ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर आपल्याकडे किती वाद झाले, तरी माझ्या आईचे पारायण कधी चुकले नाही. मग तिकडच्या श्रद्धावंतांना संशोधनाचा एवढा त्रास का व्हावा?

उत्तर (नेरूळ):
ही तुलना मला अर्ध्या वाटेपर्यंतच पटते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठ बिघडला आहे हे मान्य करूनच. आणि चांगदेवांसमोर भिंत चालली की नाही, यावर एकाही ओवीचा अर्थ अडलेला नाही. मॉर्मन पंथात मात्र देवदूताने दाखवलेल्या सुवर्णपत्रांवरून ‘मॉर्मनचा ग्रंथ’ हा पंथाचा मुख्य धर्मग्रंथ भाषांतरित झाला, ही घटनाच पाया आहे, म्हणून जुना कागद थेट पायाला भिडतो. स्मिथ यांनी अब्राहमचा ग्रंथ (बायबलमधील पूर्वज अब्राहमच्या नावाचा, पंथाचा आणखी एक धर्मग्रंथ) ज्यांवरून भाषांतरित केल्याचे सांगितले, ते पपायरस, म्हणजे प्राचीन इजिप्तमधील लेखांच्या गुंडाळ्या, १८३५ मध्ये ओहायोत ममींसह विकत घेतलेले होते. त्यांचे काही तुकडे १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाकडून चर्चकडे, म्हणजे मॉर्मन धर्मसंस्थेकडे, परत आले. जाणकारांनी ते वाचले तेव्हा त्यांत अब्राहमचे नावही नव्हते. निघाला तो मृतांबरोबर ठेवायचा अंत्यविधीचा मजकूर. चर्चने २०१४ च्या निबंधात हे मान्य केले, पण मूळ गुंडाळीचा बराच भाग हरवला असावा, किंवा पपायरस हे केवळ साक्षात्काराचे निमित्त असावे, अशा शक्यताही पुढे ठेवल्या.

उत्तर (कोपरी, ठाणे पूर्व):
माझ्या मते विसंगतीपेक्षा लपवाछपवी अधिक दुखावते. मी मोडी कागद वाचते. वहीतले कापलेले पान मला शिवणीपाशी उरलेल्या कडेवरून कळते, आणि ती कड दिसली की बाकीच्या पानांवरचाही विश्वास डळमळतो. १८३२ ची ती हकीकत लिहिलेली पानेही मूळ वहीतून कापली गेली होती आणि पुढे परत जोडली गेली. १९६५ मध्ये एका प्रबंधातून ती प्रथम लोकांसमोर आली. लिओनार्ड आरिंग्टन हे स्वतः श्रद्धाळू असलेले इतिहासकार १९७२ मध्ये चर्चचे अधिकृत इतिहासकार झाले आणि त्यांनी दप्तर अभ्यासकांना मोकळे केले, पण दहा वर्षांत ते पद त्यांच्याकडे उरले नाही, याचे मला फार वाईट वाटते. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये तर सहा अभ्यासक-लेखकांवर चर्चने शिस्तभंगाची कारवाई केली. नंतर त्याच चर्चने २००८ ते २०२३ या काळात स्मिथ यांचे कागद २७ खंडांत छापले, याचे श्रेय मात्र द्यायलाच हवे.

प्रश्नकर्ता (नौपाडा):
कापलेल्या पानाची गोष्ट मला ठाऊक नव्हती. आईला सांगितली, तेव्हा तिने पोथीवरून मान वर करून एवढेच विचारले, "कापली कुणी?"