टाचदुखीवर स्टीलच्या पट्टीने घासण्याची थेरपी: साताऱ्यात कुणी घेतलीय का?

घाटकरी: नमस्कार मंडळी. सातारा हिल हाफ मॅरेथॉनसाठी यवतेश्वर घाटात सराव करत होतो. दीड महिना झाला, उजवी टाच धरलीय. सकाळचं पहिलं पाऊल टाकताना जीव कळवळतो, थोडं चाललं की सैल होतं. डॉक्टर म्हणाले, प्लांटर फॅसायटिस, म्हणजे टाचेपासून बोटांकडे जाणाऱ्या तळव्याच्या जाड पट्ट्याचं दुखणं. फिजिओ आता पोटरी-तळव्यावर ‘आयएएसटीएम’, म्हणजे स्टीलच्या पट्टीने कातडीवरून घासण्याची थेरपी, करू म्हणतात. घ्यावी का? आईचा गुडघाही दुखतो, तिलाही नेऊ का? ती रक्त पातळ करणारी गोळी घेते.

मिरजेची फिजिओ: आधी आईंचं. ती गोळी चालू असताना ही थेरपी नको, कातडीखाली रक्त साकळतं. गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका! पायात रक्ताची गुठळी, फुगलेल्या शिरा, जखम, ताजं फ्रॅक्चर असेल तिथेही पट्टी फिरवत नाहीत.

तुमच्यासाठी हरकत नाही. पण या थेरपीने ‘आतल्या गाठी फुटतात’ असं सांगतात, त्यावर फार विसंबू नका. दुखणं काही काळ कमी होतं, सांधा थोडा मोकळा होतो. त्या मोकळ्या वेळात व्यायाम केला तर उपयोग. बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पायरीवर एका पायाने टाच उचला: ३ सेकंद वर, २ सेकंद थांबा, ३ सेकंदांत खाली. एक दिवसाआड. महिने लागतात, धीर धरा.

कृष्णाकाठ: मी सांगलीचा, टेनिस एल्बोसाठी (कोपराच्या बाहेरच्या बाजूचं दुखणं) घेतली होती. पहिल्या ठिकाणी काळंनिळं पडेपर्यंत घासलं, म्हणे त्याशिवाय गुण येत नाही. तीन दिवस चहाचा कप उचलवत नव्हता. दुसरीकडे गेलो. तिथल्या ताईंनी आधी पकड तपासली, औषधं विचारली, क्रीम लावून पाचेक मिनिटं पट्टी फिरवली आणि उरलेला अर्धा तास डंबेल. कातडी नुसती लालसर झाली. हात त्या डंबेलनं सुधारला असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) झालेलेच बघा, आणि व्यायाम किती वेळ घेता ते पहिल्याच दिवशी विचारा.

घाटकरी: आभार दोघांचे. आईचं रद्द, तिच्या डॉक्टरांनाच विचारतो. घाट पूर्ण बंद ठेवू का?

मिरजेची फिजिओ: चढ-उतार सध्या बंद. सपाटीवर हळू पळा. दुसऱ्या दिवशी सकाळची कळ वाढली, तर आदल्या दिवशीचं अंतर जास्त झालं असं समजून कमी करा. आणि घरात अनवाणी फिरू नका.