सातारा–सांगलीच्या रोजच्या रस्त्याला दीडशे पीएसची गाडी लागते का?

घाटवळण (धागाकर्ता)
माझं मत: नाही लागत. हजार किलोच्या आतली साधी हॅचबॅक घ्या. तिला चांगले टायर, ताजं ब्रेक ऑइल आणि घट्ट बुश असले की आपल्याकडे ती मोठ्या टर्बो सेडानइतकीच मजा देते, वर खर्चात पाडत नाही. २०२४ ची स्विफ्ट ८२ पीएस (इंजिनाची ताकद), ११२ एनएम (टॉर्क, म्हणजे ओढ), वजन साधारण ९२० किलो. फॉक्सवॅगनच्या व्हर्टस सेडानचं १.५ टीएसआय हे टर्बो इंजिन १५० पीएस, २५० एनएम, पण वजन साडेबाराशे किलोच्या वर. टनामागे पीएस काढले तर ८९ विरुद्ध ११८. फरक आहे, पण वापरणार कुठं? चौपदरी रस्त्यावर कारला केंद्राने ठरवलेली कमाल मर्यादा १००, साध्या रस्त्यावर ७०. हंगामात आष्ट्याच्या बाजूला उसाच्या डबल ट्रॉलीमागे २० ने सरकायचं.

पैसे घालायचे तर टायरवर घाला, पण रिम वाढवताना हिशोब करा. १८५/६५ आर १५ टायरची साइडवॉल, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतची रबराची उंची, १२० मिमी. १९५/५५ आर १६ टाकली तर १०७ मिमी उरते आणि बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, म्हणजे स्पीडोमीटर खोटं बोलत नाही. दिसायला भारी म्हणून २०५/४५ आर १७ टाकली की साइडवॉल ९२ मिमीवर येते. मग एका खड्ड्यात रिम वाकते, नाहीतर आतले दोरे तुटून टायरला फुगा येतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, बदलावाच लागतो.

टर्बोराव
त्या डबल ट्रॉलीचंच गणित मांडतो. ट्रॅक्टर २० च्या वेगाने चाललाय. मागचं-पुढचं अंतर धरून तुम्हाला त्याच्यापेक्षा साधारण ४० मीटर जास्त कापायचेत. तुमचा सरासरी वेग ४५ असेल तर पावणेसहा सेकंद लागतात, ६० असेल तर ३.६ सेकंद. समोरून ट्रक ६० ने येतोय. पहिल्या गाडीला दोघांचं मिळून जवळपास १७० मीटर मोकळं लागतं, दुसरीला १२०. ते पन्नास मीटर म्हणजेच पिकअप. याला हौस म्हणून मोडीत काढू नका राव. शिवाय १.५ टीएसआय निवांत चालवताना चारपैकी दोन सिलिंडर बंद ठेवतं, त्यामुळे महामार्गावर ८०-९० ला ॲव्हरेजही लाजवत नाही.

घाटवळण
गणित बरोबर, निष्कर्ष चुकला. ४५ ची सरासरी कोणाची येते? जो तिसऱ्या गिअरमध्ये दीड हजार आरपीएमवरून (इंजिनाचे मिनिटाला फेरे) दाबतो त्याची. तीच स्विफ्ट दुसऱ्यात टाकून साडेपाच हजारांपर्यंत ओढा, फरक बराच भरून निघतो. आपल्याकडे इंजिन ओरडलं की लोकांना वाटतं गाडी खराब होतेय. गरम इंजिन अधूनमधून ओढल्याने काही बिघडत नाही. बिघडतं थंड इंजिनला सुरू केल्या केल्या पळवलं की.

पाना_१३
दोघंही गिअरबॉक्स विसरलात. १.५ टीएसआयसोबत येणारा सात गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, कोरड्या क्लचचा आहे, मॉडेल डीक्यू२००. त्याची टॉर्क पेलायची हद्दच २५० एनएम. म्हणजे कंपनीतून निघतानाच काठोकाठ. त्यावर रीमॅप करून, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून, आणखी टॉर्क चढवला की क्लच घसरायला लागतो: आरपीएम चढतात, वेग चढत नाही. वर फॉक्सवॅगन गटाच्या सर्व्हिस सिस्टिममध्ये रीमॅप पकडला की टीडी१ अशी खूण पडते आणि इंजिन-गिअरबॉक्सची वॉरंटी गेलीच समजा.

रोजच्या वापरात या क्लचला खरा त्रास वेगाचा होत नाही, सरपटण्याचा होतो. कासची फुलं असताना रविवारी यवतेश्वरचा घाट बघा. चढावर गाडी फूटभर पुढे, परत थांबा. ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, तेव्हा क्लच अर्धवट लागलेला असतो आणि जळतो. ब्रेक पूर्ण दाबून थांबा, पुढे दोन गाड्यांची जागा झाली की एकदाच सोडा. तापमानाचा इशारा आलाच तर बाजूला घेऊन पी मध्ये टाका आणि निवू द्या.

नवशिका_मिरज
पाचगणीहून पसरणी घाट उतरताना ब्रेक मऊ लागतो असं बरेच जण सांगतात. मोठ्या डिस्क टाकल्या की सुटेल का?

पाना_१३
आधी लक्षण ओळखा. पॅडल मऊ होऊन खाली जातंय तर ब्रेक ऑइल उकळलंय. पॅडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, तर पॅड तापून पकड गेलीय. दोन्हींचे उपाय वेगळे. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑइल ताजं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ते हवेतलं पाणी ओढतं, मग हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. म्हणून दर दोन वर्षांनी बदला, गाडी कमी पळाली असली तरी. चारही चाकांतून जुनं ऑइल काढा, नुसती बाटली वरून भरण्यात अर्थ नाही. आणि मोठ्या डिस्क बसवायला कॅलिपर, रिम, कधी मास्टर सिलिंडरही बदलावा लागतो. उतारावर दुसरा-तिसरा गिअर ठेवला तर हा खर्च वाचतो. डीएसजी डी मध्ये ठेवली तर उतारावर स्वतःच वरचे गिअर टाकते, म्हणून एस (स्पोर्ट) किंवा मॅन्युअल मोड.

टर्बोराव
हे मान्य. जड गाडी ८० ऐवजी १०० वरून थांबवताना ब्रेकला ५६ टक्के जास्त उष्णता झेलावी लागते, म्हणजे पॉवर घेणाऱ्याने ब्रेकचं बजेट आधीच धरायला हवं. पण धाग्याचा सूर मला पटत नाही. तुमच्या स्विफ्टमध्ये पाच माणसं, सामान, एसी चालू, आणि मेढ्याकडून केळघरचा चढ. ११२ एनएम, तोही टर्बोसारखा कमी आरपीएमवर न मिळणारा, किती पुरतो? १.५ टीएसआयचे २५० एनएम दोन हजार आरपीएमच्याही खालून सुरू होतात. डीएसजी नको तर हेच इंजिन सहा गिअरच्या मॅन्युअलसोबतही आलंय, वापरलेली शोधा.

घाटवळण
भरल्या गाडीचं पटतं, तिथं टर्बो हवा. मग व्हर्टसचंच छोटं टर्बो इंजिन, १.० टीएसआय का नको? ११५ पीएस, १७८ एनएम, पुढचं वजन कमी, आणि ऑटोमॅटिक घेतली तर ती टॉर्क कन्व्हर्टरची, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पुढे देणारी, सरपटताना क्लच जळायची भानगड नाही.

पाना_१३
वापरलेली बघायला जाल तेव्हा एवढं तपासा. टायरवरचा चार आकडी कोड: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. गतिरोधकावरून एक चाक हळू उतरवा, 'टक्' झालं तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचा बुश (रबरी सांधा) गेलाय. खाली वाकून चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) घासलाय का बघा. गाडी खाली बसवणारी लोअरिंग स्प्रिंग टाकलेली असेल तर शॉकअपला तेल पाझरलंय का तेही बघा. स्प्रिंग आखूड झाली की शॉकअप सारखा बंप स्टॉपवर (शेवटच्या रबरी अडसरावर) आपटतो आणि लवकर बसतो. बोनेटमध्ये उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) दिसला तर भाव पाडा. तो इंजिनाजवळची गरम हवा ओढतो, वाढतो तो फक्त आवाज.