युनियन उभी राहत नाही, त्याला पुढारीच जबाबदार?

पावतीपुस्तक
काल इथे एकाने लिहिलं: "डाव्यांनी १९८२ साली गिरण्या बुडवल्या आणि आता चाकण-रांजणगावात त्यांना एक धड युनियन उभी करता येत नाही. लाल बावट्यावाल्यांना भाषणं हवीत, काम नको." वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितो.

सात सह्या केल्या की युनियन झाली, हा जुना समज. ट्रेड युनियन कायद्याच्या २००१ च्या दुरुस्तीनंतर सात हा फक्त तळाचा आकडा राहिला. आस्थापनेतले दहा टक्के किंवा शंभर, यांतला जो आकडा कमी असेल तितके सभासद नोंदणीलाच लागतात. ही नावं व्यवस्थापनाला कळली की पहिल्या सह्या करणाऱ्यांची बदली होते, नाहीतर निलंबन. पहिले ९० दिवस निम्मा भत्ता, चौकशी लांबते, घराचा हप्ता थकतो आणि माणूस राजीनामा लिहून देतो.

त्यातून तरलात तर मान्यता, म्हणजे कामगारांच्या वतीने बोलणी करायचा हक्क. एमआरटीयू म्हणजे युनियन मान्यतेच्या आणि अनुचित प्रथांच्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली अर्जाआधीचे सलग सहा महिने ३० टक्के सभासद दाखवायचे. लाइनवर मात्र बहुतेक पोरं ठेकेदाराची, बाकीची ट्रेनी. अप्रेंटिस कायद्याने कामगारच नाही. ठेक्यावरच्याने अनुचित प्रथेची तक्रार केली की कंपनी म्हणते, हा आमचा माणूसच नव्हे. सुप्रीम कोर्टाच्या कल्याणी स्टील्स आणि सिप्ला या २००१ च्या निकालांनंतर ती तक्रार तिथेच अडते. नातं आधी दुसऱ्या कायद्याखाली सिद्ध करून या, मग बोला. यात पुढाऱ्यांचा आळस कुठे दिसला?

हजेरीपट
सगळं खापर कायद्यावर फोडू नका. त्याच एमआरटीयूचं कलम १९ काढा. महिना किमान ५० पैसे वर्गणी, तीन महिन्यांच्या आत कार्यकारिणीची बैठक, ठराव मिनिट बुकात. एवढंही होत नाही. तपासणी अधिकारी पावत्यांच्या स्थळप्रती, सभासद रजिस्टर आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवतो. सहा महिन्यांची वर्गणी एकाच दिवशी, एकाच पेनने, सलग नंबरांच्या पावत्यांवर घेतलेली दिसली की अर्ज तिथेच पडतो. गेटवर घोषणा द्यायला दहा जण येतात, पण पगारानंतर तिन्ही पाळ्यांना उभं राहून वर्गणी गोळा करणारा एक मिळत नाही. ही आपल्याच लोकांची चूक आहे.

आणि ठेक्यावरच्यांचं होतच नाही कसं? मुंबई महापालिकेचे २,७०० कचरा कामगार कचरा वाहतूक श्रमिक संघाने सुप्रीम कोर्टापर्यंत लढवले. २०१७ मध्ये कायम करण्याचा निकाल मिळवला. पुढे नावांच्या स्पेलिंगमधल्या फरकावरून कित्येकांच्या नेमणुका अडल्या, तेही पाहा. कागद पहिल्या दिवसापासून नीट लागतो तो यासाठी.

साचेखातं
मूळ पोस्टमधलं "१९८२ साली गिरण्या बुडवल्या" हे वाक्य कसं काय चालू दिलंत? १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या कापड गिरण्यांतले अडीच लाखांच्या आसपास कामगार संपावर गेले. संपाचे पुढारी दत्ता सामंत कम्युनिस्ट नव्हते, काँग्रेस आणि तिची कामगार संघटना इंटक यांतून आलेले होते. अडचण होती बीआयआर म्हणजे १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याची. त्याखाली राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच प्रातिनिधिक युनियन, बोलणी करायचा हक्क तिचाच. कामगार सगळा एकीकडे आणि कायद्याने सही दुसऱ्याची! तो कायदा रद्द करा ही संपाचीच मागणी होती.

हजेरीपट
तो कायदा संपाच्या आदल्या दिवशी आला नव्हता, ३५ वर्षं होता. मागणी लिहिणं वेगळं आणि बेमुदत संपाची तयारी वेगळी. कापड भिवंडीच्या यंत्रमागांवर विणलं जात होतं, मालाचा साठा पडून होता, म्हणजे काही मालकांना बंद परवडत होता. मग किती महिन्यांचं धान्य, किती निधी आणि काय मिळालं तर कामावर परतायचं, हे आधी ठरायला नको? संप अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. कोकणात, घाटावर गेलेल्या माणसाने परत कधी यायचं हे त्याला कोण सांगणार होतं? माघारीचा ठरावही नेतृत्वालाच करावा लागतो.

साचेखातं
म्हणजे दोष पुन्हा कामगारांच्याच बाजूचा! १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन हातात घेतलं, तेव्हा तरी कामगारांशी बोलता आलं असतं. १९९१ च्या मुंबईच्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी मोकळ्या झाल्या, तो काय सामंतांनी काढलेला आदेश होता? माघारीचा ठराव व्हायला हवा होता, एवढं तुमचं धरतो. त्यापुढे एक शब्द नाही.

धोटा
तुम्ही दोघं १९८२ वरच भांडत राहणार. १९२८ च्या संपात गिरणी कामगार युनियन पन्नास हजारांवर गेली, हे सगळे अभिमानाने सांगतात. साचेखात्याचं, म्हणजे गिरणीतल्या विणकाम खात्याचं, कोणी सांगत नाही. सुताची कांडी बदलली की धोट्याच्या, म्हणजे मागावर सूत इकडून तिकडे नेणाऱ्या साधनाच्या, भोकातून सूत तोंडाने ओढून काढावं लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याने लावायचा, म्हणून अस्पृश्य कामगाराला त्या खात्यात मज्जाव. जास्त पगार मात्र तिथेच. बाबासाहेबांनी त्याच संपात हे लावून धरलं. ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र संपावर गेले. तशी एकजूट पुढे का टिकली नाही, हा खरा प्रश्न आहे.

साचेखातं
प्रत्येक चर्चेत जात आणायची आणि एकजूट फोडायची, हे थांबवा.

धोटा
एकजूट त्या खात्याच्या दारातच फुटली होती. आजचंही बघा. कायम कामगारांच्या युनियनची घटना उघडा आणि सभासदत्वाचं कलम वाचा. कित्येक ठिकाणी ठेक्यावरचा माणूस सभासदच होऊ शकत नाही. हाउसकीपिंग, कँटीन, गटारसफाई यांत कोणत्या वस्तीतली माणसं आहेत ते तुम्हालाही माहीत आहे. पगारकरार होतो, पेढे वाटले जातात आणि त्या करारात यांच्यासाठी एक ओळ नसते.

पावतीपुस्तक
पावत्यांचा मुद्दा मान्य, घटनेचाही मान्य करावा लागेल. पण नवी औद्योगिक संबंध संहिता विसरू नका. एकाहून अधिक युनियन असतील तर वाटाघाटीच्या हक्काला मस्टरवरचे ५१ टक्के हवेत. समजा मस्टरवर ३०० आणि गेटमधून आत जाणारे १,५००. म्हणजे १५३ जण ठरवणार आणि उरलेले १,२०० मोजलेच जाणार नाहीत. निम्म्यांनी एका दिवशी किरकोळ रजा टाकली तरी तो संप, आणि संपाला चौदा दिवसांची नोटीस सगळीकडे. यावर मेहनती पुढारी काय करणार?

हजेरीपट
त्या १,२०० जणांपासून सुरुवात करणार. ठेकेदारवार यादी, पगाराची स्लिप, पीएफचा नंबर, गेटपासच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स, आणि सुपरवायझर कंपनीचा की ठेकेदाराचा याची रोजची नोंद. ठेकेदार बदलला, माणूस तोच राहिला, तर दोन्ही ठेकेदारांच्या स्लिपा एकत्र टाचून ठेवायच्या. ठेका बनावट होता हे दाखवायला हेच कागद लागतात. ते जमवायला ५१ टक्के लागत नाहीत आणि कोर्टाची परवानगीही नाही. चाकणमध्ये हे काम कोणत्या युनियनने हातात घेतलंय, तेवढं सांगा.